लेझरने चष्मा गेला, आता व्यायाम कधी आणि कसा सुरू करायचा?

लेसिकच्या, म्हणजे लेझरने चष्म्याचा नंबर घालवण्याच्या ऑपरेशनच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटासुद्धा स्पष्ट दिसला, तेव्हा मला पहिली आठवण झाली ती धावण्याच्या बुटांची. काचेवर साचणारा घाम, पावसात धूसर होणारा रस्ता, सारखी नाकावरून घसरणारी फ्रेम, सगळं एका रात्रीत संपलं होतं. डोळा दुखत नव्हता, लालही नव्हता. मग वाट कशाची बघायची?

वाट बघायची ती जखम भरण्याची. लेसिकमध्ये नजर आधी सुधारते आणि जखम मागाहून भरते. त्यामुळे ‘छान दिसतंय, म्हणजे डोळा बरा झाला’ असं वाटतं आणि तिथेच घात होतो. मी नवव्या दिवशी धावून आले, भुवईवरचा घाम डोळ्यात उतरला आणि मी मनगटाने डोळा चोळला. निव्वळ सवयीने. नजर लगेच धूसर झाली, पाणी वाहायला लागलं आणि पुढचे दोन तास मी नेत्रतज्ज्ञांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून बसले. तपासणीत कळलं की ऑपरेशनमध्ये कापलेला पापुद्रा जागेवर आहे, वरचा थर थोडा खरचटलाय. नशीब चांगलं होतं. पण त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की बसली: धावण्यात चूक झाली नव्हती, हात डोळ्याकडे गेला ही चूक होती. व्यायामाकडे परतण्याचं सगळं नियोजन मी तेव्हापासून याच एका प्रश्नाभोवती करते आणि इतरांनाही तसंच करायला सांगते. डोळ्याला काहीही लागू नये, आपला हातसुद्धा लागू नये, यासाठी काय करायचं?

पुढे दिलेले दिवस आणि आठवडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनने यापेक्षा जास्त थांबायला सांगितलं असेल तर तेच पाळा, कारण तुमचा डोळा त्यांनी यंत्राखाली पाहिलेला आहे. हा लेख फक्त चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझरबद्दल आहे. पडद्याला, म्हणजे रेटिनाला, किंवा काचबिंदूसाठी लेझर झालं असेल तर नियम वेगळे असतात, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आपलं ऑपरेशन नेमकं कोणतं झालंय?

‘माझं लेझर झालंय’ एवढं पुरत नाही. लेसिक, पीआरके आणि स्माइल या तिन्हींमध्ये जखमेची जागा आणि आकार वेगळा असतो, म्हणून व्यायामाचं वेळापत्रकही वेगळं होतं.

डोळ्याच्या समोरचा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी साधारण ५४० मायक्रॉन असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. लेसिकमध्ये त्यावर सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा एक गोल पापुद्रा कापतात. त्याला फ्लॅप म्हणतात. तो एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला राहतो. तो उचलून खालच्या थराला लेझरने आकार देतात आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवतात. टाके घालत नाहीत. कॉर्नियाच्या आतल्या पेशी पाणी ओढून घेत असतात, त्या ओढीने पापुद्रा चिकटून राहतो आणि कडेवर एका दिवसात नवीन पेशींचा पातळ थर चढतो. पुढच्या काही आठवड्यांत कड आणखी घट्ट होते. आतला भाग मात्र मूळच्या ताकदीने पुन्हा कधीच सांधला जात नाही. ऑपरेशनला काही वर्षं उलटल्यावर डोळ्यात बोट किंवा झाडाची फांदी जोरात घुसून पापुद्रा सरकल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. अशा घटना दुर्मीळ आहेत, पण खेळाडूने त्या माहीत ठेवायलाच हव्यात.

पीआरकेमध्ये पापुद्रा नसतो. कॉर्नियावरचं पेशींचं पातळ आवरण काढून थेट वरूनच लेझर चालवतात आणि जखम झाकायला मऊ बँडेज लेन्स बसवतात. आवरण पुन्हा वाढायला साधारण ३ ते ५ दिवस लागतात, तोवर डोळा दुखतो, चुरचुरतो, प्रकाश सहन होत नाही. नजर स्थिरावायला काही आठवडे, कधी तीन महिनेही जातात. सुरुवात जड जाते, पण एकदा भरलं की सरकणारं काही उरत नाही. ज्यांच्या खेळात चेहऱ्यावर फटके बसतात त्यांना म्हणूनच अनेक सर्जन पीआरके सुचवतात.

स्माइलमध्ये कॉर्नियाच्या आतच एक बारीक भिंग कापतात आणि २ ते ४ मिलिमीटरच्या छोट्या चिरेतून बाहेर काढतात. लेसिकच्या पापुद्र्याची कापलेली कड साधारण २० मिलिमीटर भरते, त्यापुढे ही चीर फारच लहान. म्हणून स्माइलवाल्यांना बऱ्याचदा थोडं लवकर परतता येतं. चीर मात्र सुरुवातीला उघडीच असते आणि जंतूंना तेवढी जागा पुरते, हे विसरू नका.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर तपासणीच्या वेळीच आपला खेळ सर्जनला सांगा. ‘मी व्यायाम करतो’ असं मोघम सांगू नका. ‘मी आठवड्यातून तीनदा ज्युडो खेळते’ किंवा ‘मी समुद्रात पोहतो’ असं नेमकं सांगा. पद्धत निवडताना ही माहिती कामाला येते, नंतर सांगून उपयोग नसतो.

पहिले दोन दिवस

या दोन दिवसांत व्यायाम नाही. झोप घ्या, वेळेवर थेंब टाका आणि झोपताना डोळ्यांवर प्लास्टिकची कवचं लावा. लेसिकचा पापुद्रा सरकण्याचा सर्वांत जास्त धोका पहिल्या २४ तासांत असतो, आणि झोपेत डोळा चोळला जातो ते आपल्याला कळतही नाही. दुसऱ्या दिवशीची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलं की घराजवळ सावलीत सपाट रस्त्यावर १५-२० मिनिटं चालायला हरकत नाही. गॉगल लावून जा. वारा सुटला असेल किंवा धूळ उडत असेल तर घरातच फेऱ्या मारा.

पीआरके झालं असेल तर या दिवसांत चालायचीही फारशी इच्छा होणार नाही. शरीराचं ऐका.

पहिला आठवडा: घाम न येईल इतकंच

माझा साधा नियम असा: पहिल्या आठवड्यात कपाळावर घाम दिसला की त्या दिवसाचा व्यायाम संपला. लेसिक आणि स्माइलनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चालणं, स्थिर सायकलवर हलकं पायडल मारणं, बसून किंवा उभ्याने केलेलं स्ट्रेचिंग, भिंतीला हात टेकून पुशअप्स, खुर्चीवरून उठणं-बसणं एवढं करता येतं. खोलीत खेळती हवा असावी, पण पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर नको. तो आधीच कोरड्या असलेल्या डोळ्यातला ओलावा काही मिनिटांत उडवून लावतो.

पीआरकेवाल्यांनी बँडेज लेन्स काढून डॉक्टरांनी आवरण पूर्ण भरल्याचं सांगेपर्यंत चालण्यापलीकडे काही करू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी नजर आदल्या दिवसापेक्षा वाईट झाल्यासारखी वाटू शकते. कडेकडून वाढत आलेलं आवरण मध्यभागी येऊन मिळतं, तिथे काही दिवस उंचवटा राहतो आणि म्हणून धूसर दिसतं. लोक घाबरतात. हे अपेक्षित असतं, पण दुखणंही वाढत असेल तर लगेच फोन करा.

या आठवड्यात अंघोळीचं पाणीही डोळ्यात जाता कामा नये. मानेखाली अंघोळ करा आणि चेहरा ओल्या स्वच्छ कपड्याने पुसा. केस धुवायचे असतील तर मान मागे टाकून दुसऱ्या कुणाकडून धुऊन घ्या.

एक बारीक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती: कपडे. घट्ट टी-शर्ट डोक्यातून ओढून काढताना कापड थेट पापण्यांवर घासतं, आणि घामाने ओलं झालेलं असेल तर जास्तच. पहिले दोन आठवडे पुढून उघडणारे, बटणांचे किंवा चेनचे कपडे घालूनच व्यायाम करा.

दुसरा आठवडा: धावणं आणि वजनं

पहिल्या आठवड्याची तपासणी नीट झाली की बहुतेकांना हलकं धावता येतं. सुरुवात ट्रेडमिलवर केली तर बरी, कारण तिथे धूळ, किडे, वारा आणि ऊन नसतं. आधीच्या अंतराच्या निम्म्याने सुरुवात करा, वेग बोलता येईल इतकाच ठेवा. तीन-चार वेळा असं धावून झाल्यावर डोळ्यांची तक्रार नसेल तर बाहेर पडा. बाहेर धावताना डोळ्यांना बाजूनेही झाकणारा, अतिनील किरण अडवणारा गॉगल हवा. त्यातलं बाजूने झाकणंच महत्त्वाचं आहे, कारण डोळ्यात जाणारा कण सहसा समोरून येत नाही, वाऱ्याबरोबर कडेने घुसतो. पीआरकेनंतर हा गॉगल काही महिने सोडायचा नाही. ऊन लागल्याने कॉर्नियावर धुरकटपणा येण्याचा धोका त्या पद्धतीत जास्त असतो.

वजनांबद्दल बरीच भीती असते. जोर लावला की डोळ्यातला दाब वाढून पापुद्रा उघडेल, असं अनेकांना वाटतं. श्वास रोखून जड वजन उचललं की डोळ्यातला दाब वाढतो हे खरं आहे. एरवी तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो आणि जोर लावताना काही क्षण त्याच्या बराच वर जातो. पण हा दाब आतून बाहेर सगळीकडे सारखा पडतो. पापुद्रा सरकतो तो सहसा बाहेरून काही घासलं किंवा लागलं की. म्हणून व्यायामशाळेत मला भीती वाटते ती इतर गोष्टींची: हातातून सुटून चेहऱ्याकडे झेपावणारा रबरी पट्टा, डोक्यावर वजन धरलेलं असताना डोळ्यात उतरणारा घाम, हवेत उडणारी मॅग्नेशियमची पांढरी पावडर, आणि दहा जणांनी हात लावलेला डंबेल धरून झाल्यावर नकळत डोळ्याला लागलेलं बोट.

तरीही दाबाकडे दुर्लक्ष करायचं नाही, कारण जखम ताजी आहे आणि अनेकांच्या थेंबांत स्टेरॉइड असतं. काही जणांत स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातला दाब आपोआपच चढतो, म्हणून तर डॉक्टर दर भेटीत तो मोजतात. त्यामुळे हे एवढं पाळा.

नेहमीच्या वजनाच्या निम्म्याने सुरू करा आणि दर आठवड्याला थोडंच वाढवा. उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. दात आवळून, श्वास कोंडून केलेली शेवटची उचल महिनाभर विसरून जा. यंत्रांवरचे आणि बसून करायचे व्यायाम आधी आणा, झोपून किंवा डोक्यावर वजन नेणारे नंतर. डोकं खाली जाणारा उतरता बेंच तर महिनाभर नकोच. रबरी पट्टे वापरायचेच असतील तर ते चेहऱ्याच्या रेषेत ओढायचे नाहीत आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय हातात घ्यायचे नाहीत. ताणलेला पट्टा तुटला किंवा निसटला की पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही. आपलं कमाल वजन तपासायची घाई असेल तर निदान सहा आठवडे थांबा.

योगासनांत ज्या आसनांमध्ये डोकं हृदयाच्या खाली जातं, ती दोन ते चार आठवडे बाजूला ठेवा: अधोमुख श्वानासन, पुढे वाकून डोकं लोंबकळत ठेवणं, सर्वांगासन, हलासन. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. ते पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि घरात काचबिंदू असेल तर नक्कीच. उभ्याची आणि बैठी आसनं आठवड्यानंतर चालतात. पालथं झोपून करायच्या आसनांत कपाळ टेका, चेहरा चटईत दाबला जाऊ देऊ नका. भस्त्रिका, कपालभाती हे जोराचे प्राणायाम दोन आठवड्यांनंतर, आणि तेही सौम्य लयीत सुरू करा. खोली तापवून घेतलेले योगवर्ग, स्टीम आणि सौना महिनाभर टाळलेले बरे.

घामाचा बंदोबस्त

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं.

घामात मीठ असतं, त्वचेवरचे जंतू असतात आणि त्यात सनस्क्रीन, केसांचं तेल, क्रीम असं सगळं मिसळलेलं असतं. ते डोळ्यात उतरलं की झोंबतं आणि हात आपोआप वर जातो. ‘चोळू नका’ या सूचनेने तो थांबत नाही, कारण तो विचार करून वर जातच नाही. घाम डोळ्यापर्यंत पोहोचणारच नाही आणि पोहोचला तर हाताला दुसरं काम असेल, अशी व्यवस्था करावी लागते.

कपाळावर घाम शोषणारी रुंद पट्टी बांधा, भुवयांच्या किंचित वर. ती भिजली की बदला, म्हणून दोन-तीन जवळ ठेवा. भिजलेली पट्टी घाम शोषत नाही, गळते. व्यायामाच्या दिवशी कपाळाला सनस्क्रीन किंवा तेल नको, त्याऐवजी टोपी वापरा. मनगटपट्टी मात्र सुरुवातीला वापरूच नका. ती घाम पुसण्यासाठीच असते, म्हणजे हात चेहऱ्याकडे नेण्याची सवय लावते. माझी चूक तिथेच झाली होती.

स्वच्छ, मऊ, फक्त चेहऱ्यासाठीचा एक छोटा रुमाल वेगळा ठेवा. बेंच पुसायचा टॉवेल आणि हा रुमाल एकत्र यायला नकोत. पुसण्याची रीत अशी: व्यायाम थांबवा, डोळे अलगद मिटा, रुमाल कपाळावर टिपा, मग गालांवर. पापण्यांना शिवू नका. ऑपरेशनच्या आधीचा आठवडाभर ही रीत मुद्दाम घोटून घ्या. तेव्हा चूक झाली तरी चालते.

एवढं करूनही घाम डोळ्यात गेला, तर हात पाठीमागे घ्या, खरोखर पाठीमागे, आणि भराभर पापण्या मिटा-उघडा. मग हात साबणाने धुऊन बिनप्रिझर्व्हेटिव्हच्या कृत्रिम अश्रूंचे दोन-तीन थेंब सोडा. ते चुरचुरणं धुऊन काढतात. नळाचं पाणी डोळ्यावर मारू नका.

कोरडेपणा, आणि डोळा गप्प का असतो

लेसिकमध्ये पापुद्रा कापताना कॉर्नियातल्या बारीक नसाही कापल्या जातात. त्या पुन्हा वाढायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. तोवर डोळ्याला कोरडं पडल्याचं नीट कळत नाही, त्यामुळे पापण्याही कमी लवतात. डोळा दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हा भरवसा म्हणूनच ठेवता येत नाही. धावताना, सायकल चालवताना किंवा व्यायामयंत्राच्या स्क्रीनकडे टक लावून बघताना कोरडेपणा वाढतो आणि नजर मधूनच धूसर होते. मग लोकांना वाटतं नंबर परत आला.

व्यायामाच्या १५ मिनिटं आधी एक थेंब, संपल्यावर एक, आणि तासाहून लांब व्यायाम असेल तर मध्ये एक. औषधी थेंब आणि कृत्रिम अश्रू यांच्यात निदान पाच मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. सराव चुकला तरी चालेल, औषधाची वेळ चुकवू नका, आणि स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनाने बंद किंवा कमी करू नका.

अंधाराचंही तसंच. पहिल्या काही आठवड्यांत दिव्यांभोवती वलयं दिसतात, समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश पसरतो. रात्री बाहुली मोठी होते म्हणून हे जास्त जाणवतं. पहाटे अंधारात किंवा रात्री रस्त्यावर धावणं, सायकल चालवणं महिनाभर तरी पुढे ढकला. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवला असेल, म्हणजे मोनोव्हिजन केलं असेल, तर अंतराचा अंदाज बदलतो. झेल, सर्व्ह, पायऱ्यांवरचं धावणं यांचा सराव शून्यापासून करावा लागतो.

पाणी: इथे घाई नको

तलावातलं क्लोरीन डोळ्याला झोंबतं, पण खरी काळजी जंतूंची असते. अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्मजीव पाण्यात राहतो आणि त्याच्या टणक कोषावर नेहमीच्या प्रमाणातलं क्लोरीन भरवशाने चालत नाही. जखम ताजी असताना तो कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नजरही जाऊ शकते. म्हणून स्वच्छ तलावात निदान दोन आठवड्यांनंतर, शक्य असेल तर महिन्यानंतर, आणि तेही गॉगल लावून उतरा. नदी, तळं, समुद्र आणि गरम पाण्याचे टब यांना एक महिना पूर्ण होऊ द्या.

पोहण्याचा गॉगल निवडताना खोबणीच्या हाडावर बसणारा, मोठा आणि मऊ कडेचा घ्या. डोळ्यांलगत चिकटणारे छोटे शर्यतीचे गॉगल डोळ्याभोवती दाब देतात, आणि काढताना रबर निसटलं तर काच जोरात डोळ्यावर आदळते. काढताना दोन्ही हातांनी धरून वर उचला, ताणून सोडू नका. पाण्याखाली बुडी मारण्याच्या खेळात मुखवट्याच्या आतला दाब नाकातून हवा सोडून सांभाळावा लागतो. लेसिकनंतर त्यासाठी एक महिना थांबतात, आणि आधी डॉक्टरांचा होकार हवाच.

चेंडू, रॅकेट आणि हाणामारीचे खेळ

स्क्वॅशचा चेंडू साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढाच. बॅडमिंटनच्या शटलचं टोकही तसंच. मोठा चेंडू कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर अडतो, हे मात्र थेट डोळ्यावर येतात. रॅकेटचे खेळ चार आठवड्यांनंतर सुरू करा आणि पॉलिकार्बोनेटच्या काचांचा खेळाचा संरक्षक चष्मा घालूनच. एएसटीएम या अमेरिकी संस्थेचं एफ३१६४ हे मानक रॅकेटच्या खेळांसाठी आहे, चष्म्यावर ते लिहिलेलं असतं. साधा गॉगल चालत नाही, तो फुटून त्याचेच तुकडे डोळ्यात जाऊ शकतात. चष्मा गेल्यावर पुन्हा चष्मा घालायचा, हे मनाला लागतं खरं. पण तुमचा जुना चष्मा इतकी वर्षं नकळत थोडंफार ढालीचं काम करत होता, आणि ती ढाल आता नाही.

फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये बोटं आणि कोपरं डोळ्यात जातात. त्यांनाही किमान चार आठवडे थांबा आणि संरक्षण वापरा. बॉक्सिंग, ज्युडो, कुस्ती, मिश्र मार्शल आर्ट हे लेसिकवाल्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. तीन महिन्यांनी किंवा वर्षाने धोका कमी होतो, संपत नाही. असे खेळ गांभीर्याने खेळायचे असतील तर सर्जनशी समोरासमोर बोलून ठरवा. पीआरके आणि स्माइलमध्ये पापुद्रा नसल्याने हा एक धोका टळतो, पण ठोशाने पडद्याला होणारी इजा कुठल्याच पद्धतीत टळत नाही.

डोंगर चढणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सारखी ऐकावी लागते. १९९६ मध्ये एव्हरेस्टवर अमेरिकी गिर्यारोहक बेक वेदर्स यांची नजर चढाईतच गेली. त्यांची शस्त्रक्रिया लेझरची नव्हती, कॉर्नियावर ब्लेडने खोल चिरा देणारी जुनी रेडियल केराटोटॉमी होती. विरळ हवेत असा कॉर्निया सुजून त्याचा आकार बदलतो. लेझरच्या पद्धतींमध्ये सहसा तसा मोठा बदल होत नाही, आणि नासाने २००७ मध्ये अंतराळवीरांना लेसिक आणि पीआरके करून घ्यायला परवानगीही दिली. उंचावर डोळा कोरडा पडतो आणि ऊन प्रखर असतं, ती तयारी मात्र ठेवा, आणि मोठी चढाई तीन महिन्यांनंतरच आखा.

नंबर गेला, डोळा तोच आहे

उणे नंबरच्या डोळ्याचा गोल लांबट असतो आणि त्यामुळे आतला पडदा ताणलेला, पातळ असतो. लेझरने पुढच्या भागाचा आकार बदलतो, मागचा पडदा आहे तसाच राहतो. ज्यांचा नंबर मोठा होता त्यांना पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका ऑपरेशनआधी जेवढा होता तेवढाच नंतरही असतो. बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी दरवर्षी करून घ्या. उड्या, उंचावरून पाण्यात झेप, जोराचे झटके देणारे खेळ पुन्हा सुरू करण्याआधी तर नक्कीच.

डोळे चोळणं मात्र जन्मभरासाठी सोडा. कॉर्निया पातळ झालेला असतो आणि सततच्या चोळण्याने तो पुढे फुगत जाण्याचा आजार बळावू शकतो. ॲलर्जीने खाज येत असेल तर त्यावर औषध घ्या.

ताबडतोब थांबायचं कधी?

नजर अचानक कमी झाली आणि पापण्या लवूनही साफ होत नाही. दुखणं किंवा लाली वाढत चालली. पहिल्या आठवड्यात प्रकाश आदल्या दिवसापेक्षा जास्त खुपायला लागला. पिवळट स्राव येतोय. डोळ्यात काहीतरी दुमडल्यासारखं, सुरकुती पडल्यासारखं वाटतंय. डोळ्यापुढे विजा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखं झालं, कडेने पडदा सरकत आल्यासारखं वाटलं. यातलं काहीही झालं तर व्यायाम तिथेच सोडा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. विजा आणि पडदा ही रेटिनाची लक्षणं आहेत, त्यात एक रात्रही थांबायचं नसतं.

डोळ्यावर थेट फटका बसला तर चोळू नका, दाबू नका, पाण्याने धुऊ नका, बर्फही थेट ठेवू नका. ऑपरेशननंतर मिळालेलं प्लास्टिकचं कवच व्यायामाच्या पिशवीत कायम ठेवत जा. ते डोळ्यावर अलगद लावा, डोळ्याला टेकू देऊ नका. कवच नसेल तर कागदी पेल्याचा तळ कापून लावला तरी चालतो. कुणाला तरी गाडी चालवायला सांगा, स्वतः चालवू नका. आणि तपासणाऱ्याला पहिलंच वाक्य हे सांगा: कोणती पद्धत झाली, कोणत्या तारखेला, कोणत्या डोळ्याला. मी ही माहिती फोनमध्ये आणि पिशवीतल्या कवचाच्या डबीवर, दोन्हीकडे लिहून ठेवली आहे.